लाल परकराचं निशाण

गाडीचा बॉयलर म्हणजे मुळात केटुराचा तांब्याचा हंडा. बारा वर्षं त्यात तिनं अर्ध्या गावाचे कपडे उकळले होते. एके दिवशी नवऱ्यानं, एलाय लोहारानं, तो न विचारता उचलला आणि वाफेच्या गाडीत बसवला. तेव्हापासून तीन वर्षं बाई त्या गाडीला शिव्या घालत होती. चुकलं काय हो तिचं?

त्या सकाळी एलायचं तोंड एवढंसं झालं होतं. "बाराचा शेवटचा ठोका पडला की हेरफर्डच्या प्रदर्शनात नोंद बंद. त्याआधी गाडी पोचली नाही, तर संपलं. मोडून टाकतो. हंडा तुझा तुला."

त्या काळचा कायदा असा, की वाफेच्या गाडीपुढे एकानं लाल निशाण घेऊन पायी चालायचं. भाड्यानं घोडे देणाऱ्या तबेल्यांचे मालक कर्नल व्हेसी यांनी गावाला दमच दिला होता, की निशाण धरील त्याला काम मिळणार नाही. ठरलेला माणूस ऐन वेळी पोट धरून घरी बसला.

हंडा परत मिळणार म्हणून केटुरा खूशच व्हायची. पण तेवढ्यात कर्नल घोड्यावरून दाराशी आला. "काय गं धोबीण, तुझं घंगाळ हललं का नाही अजून?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घंगाळ म्हणतो मेला! तिनं भर रस्त्यात आतला लाल फ्लॅनेलचा परकर सोडला, कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायच्या काठीला बांधला आणि चालू लागली.

"अगं, लोक बघतायत!" एलाय ओरडला.

"बघू देत, स्वच्छ धुतलेला आहे. तू कोळसा टाक!"

चार मैल झाले. पुलावर कर्नलच्या तबेल्यातला एक मोतद्दार घोडा आडवा घालून एक हात वर करून बसला होता. शेजारी गावचा पोलीस शिपाई गमरी, हातात कायद्याची चोपडी.

"घोडेवाल्यानं हात वर केला की गाडी थांबवायची," गमरी म्हणाला. "तसं लिहिलंय."

"किती वेळ?"

"हात खाली येईपर्यंत."

"बारा वाजेपर्यंत नाही यायचा," मोतद्दार दात काढत म्हणाला.

एलायनं कोळशाचं फावडं टाकलं. "चल घरी. घे तुझा हंडा."

"गप रे! गमरी, तुझे सदरे धुते मी, कुठं काय सांडवतोस सगळं ठाऊक आहे मला. निशाणवाल्याबद्दलचं सगळं वाच. मोठ्यानं."

गमरीनं घसा खाकरला. "निशाणवाल्यानं घोड्यांना आधी इशारा द्यावा... आणि..."

"गिळतोस काय? पुढे?"

"आणि घोड्यांना गाडीजवळून जायला मदत करावी."

कर्नलसाहेबांनी चोपडी सोयीच्या ओळीपर्यंतच वाचलेली!

"मग करते की मदत!" केटुरानं लगाम पकडला आणि घोडा मोतद्दारासकट ओढत गाडीपाशी आणला. वाफेचा फुस्कारा ऐकून घोडा उधळला, आणि मोतद्दारानं जिवाच्या भीतीनं दोन्ही हातांनी त्याची मान कवटाळली.

"हात खाली आला रे! एलाय, सोड गाडी!"

पुढच्या वळणावर दुसरा मोतद्दार होता. त्यालाही मदत झाली.

गाडी प्रदर्शनाच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा बारा ठोक्यांतला नववा पडत होता. केटुराच्या टाचा रक्ताळल्या होत्या. कर्नल फाटकाशीच होता. "ते फडकं खाली घे. लाज नाही वाटत?"

"नाही वाटत," केटुरा म्हणाली, आणि काठी आणखी उंच केली.

परत निघताना एलायनं हळूच विचारलं, "दमलीस?"

"उतर खाली. हंडा माझा आहे, गाडी मी चालवणार."

"तुला येते कुठे?"

"तीन वर्षं शिव्या देताना बघत नव्हते होय?" तिनं परकराची काठी त्याच्या हातात दिली. "चल हो पुढे. आणि कर्नलच्या घरावरून जाताना उंच धर."