भाचीचे पाच गुण

आमच्या फुटबॉल क्लबात प्रत्येक सामन्यानंतर खेळाडूंना दहापैकी गुण मिळतात आणि ते मी देतो. पद्धतही माझीच. बॉल हिसकावला की नावापुढे एक रेघ, पास नीट पोचला की आणखी एक, गोलकीपरने बॉल अडवला की तिलाही एक. रेघा जास्त तर गुण जास्त. गुण कमी पडले की कोच सरळ नाव कापतो.

माझी भाची बचावफळीच्या पुढे, मैदानाच्या मधोमध खेळते. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. तिला मी तीन वर्षं पाचच गुण देत आलो. सहा द्यावेसे वाटले तरी पाच. मामाने भाचीला पुढे ढकललं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ताकही फुंकून पीत होतो. ताईने यावरून माझ्याशी दोन महिने अबोला धरला. भाचीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पोरगी गुणाची, मामाच खडूस.

परवा उपांत्य सामन्यात मध्यंतराला आम्ही एका गोलने पुढे होतो. कोचने माझा कागद पाहिला. भाचीपुढे जेमतेम चार रेघा. त्याने तिला बाहेर बसवलं आणि तिच्या जागी दुसरी मुलगी उतरवली. त्या मुलीने जिवाचं रान केलं. दहा वेळा बॉल हिसकावला, माझं पेन थांबेना. आणि तेवढ्या वेळात आम्ही तीन गोल खाल्ले, तिन्ही मधूनच. कसेबसे चार-तीन असे जिंकलो.

गोलकीपर मुलगी चिखलाने माखलेली, थेट माझ्याकडे आली. "पहिल्या अर्ध्यात मी किती बॉल अडवले?" तिने विचारलं. मी कागद पाहिला. एकही नाही.

"ती मधे असली की माझ्यापर्यंत काही येतच नाही, मामा," ती म्हणाली. "उभं राहून कंटाळा येतो. आज कळलं, तो कंटाळा किती बरा होता."

मला माझाच राग आला. समोरच्या मुली मधून पास द्यायला मान वर करायच्या, तिथे भाची उभी दिसली की बॉल मागे वळवायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बॉल तिच्याकडे आलाच नाही, म्हणून रेघ मारली नव्हती. राखणदाराला मी तीन वर्षं विचारत होतो, चोर किती पकडलेस?

कोच अंतिम सामन्याची यादी करायला बसला होता. भाची शेजारच्या बाकावर खाली मान घालून बूट काढत होती. मी तिचे गुण सांगितले. नऊ.

कोचने पेन खाली ठेवलं. "भाची म्हणून?"

या प्रश्नाला मी तीन वर्षं भीत होतो.

"भाची म्हणून आजवर पाच देत होतो," मी म्हणालो. "हे नऊ तिचे आहेत."