ज्वारीची आठशे चार अक्षरं

मी उमरग्याजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यातला कॉम्प्युटर बोलतोय. हसू नका. आज अंगावर बोटभर धूळ असली, तरी एकेकाळी माझ्या खोलीत चपला काढून यावं लागायचं!

उसाच्या गाड्यांची नोंद ठेवायला मला आणलं. पण सत्त्याऐंशीचा दुष्काळ असा पडला, की ऊसच उरला नाही. गाळप बंद, आणि मी कापडाखाली झोपून.

अशात एका सकाळी वजनकाट्यावरचे ज्ञानोबा लेकीला घेऊन आले. चांगुणा परभणीला शेतकी संशोधन करायची. दाण्यातलं प्रथिन कसं घडवायचं, हे ज्वारीच्या पोटातल्या डीएनएत ए, सी, जी, टी ही चारच अक्षरं वापरून लिहिलेलं असतं म्हणे. दोन वर्षं खपून तिनं तो आठशेच्या वर अक्षरांचा मजकूर वहीत उतरवला होता. तीन अक्षरांचा एक शब्द. कुठला शब्द किती वेळा येतो, याचा तक्ता तिला हवा होता.

"उद्या सरांपुढं तक्ता ठेवला न्हाय, तर हे काम दुसऱ्याला देणार हायेत," ती म्हणाली.

शब्द मोजायचा प्रोग्रॅम असलेली, तिनं आणलेली फ्लॉपी मला भरवली. ती वहीतलं एकेक अक्षर वाचू लागली, ऑपरेटर शिवशरण टाइप करू लागला. तेवढ्यात बाहेर पाण्याचा टँकर आला. घरात थेंब नव्हता. ती घागर भरायला उठली.

"दे हिकडं ती वही," ज्ञानोबा म्हणाले. "एबीसीडी येती मला." वीस वर्षं काट्यावर आकडे पुकारलेला माणूस तो, आवाज कसा खणखणीत!

चांगुणा परतली. तक्ता पडद्यावर आला आणि तिचा चेहराच उतरला. 'इथं संपलं' असं सांगणारा शब्द एकदाच यायला हवा होता. तो अकरा वेळा आला होता.

"माझंच काम चुकलं," ती वही मिटत म्हणाली. "दोन वर्षं मातीत गेली."

मग ज्ञानोबा खाली बघत म्हणाले, "एक ओळ ए वर संपली, अन् खालची ए वरच सुरू झाली. एक गाडी दोनदा धरायची न्हाय, ही काट्यावरची सवय. म्या सोडला त्यो ए."

शिवशरणनं तेवढा एक ए घातला. मी पुन्हा मोजलं. आठशे चार अक्षरं, आणि संपल्याचा शब्द फक्त एक!

मी थक्क झालो. एक अक्षर गळालं तर पुढचा प्रत्येक तीन अक्षरी शब्द सरकून बिघडतो, हे मी नुकतंच पाहिलं होतं. आणि कोरडवाहू रानातलं ते ज्वारीचं उभं ताट एवढा मजकूर दाण्यादाण्यात उतरवत आलंय, तेही विजेशिवाय! तक्त्यात तर प्रथिनाच्या एकाच घटकाला सहा-सहा शब्द, पण ज्वारीचे आवडते ठरलेले. उमरग्याच्या माणसाचा शब्द वेगळा, कळंबच्या माणसाचा वेगळा, तसंच.

छापलेल्या कागदाखाली चांगुणानं पेननं लिहिलं, 'वाचन साहाय्य: ज्ञानोबा, वजनकाटा.'

"माझं नाव कशाला? चूक म्याच केली की."

"सांगितलीबी तुमीच, आबा. न्हायतर म्या आज हे काम सोडलं असतं."

तिनं दुपारची एसटी गाठली. काम तिच्याकडंच राहिलं, हे ज्ञानोबा पुढं कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते.

आता माझी निम्मी बटणं गेली आहेत. मला खुशाल मोडीत घाला. फक्त भाकरीचा पहिला घास घेताना एकदा हातातल्या तुकड्याकडे बघा. तुम्ही जे खाताय, ते मी वाचलंय.