घरासाठी की दुकानासाठी

"आई, पाणी तुम्हीच काढा," सून म्हणाली, "नाहीतर लोक म्हणतील मी काहीतरी मिसळलं."

अंगणात बसलेली गल्ली हसली. सासूबाईंना तेवढंच हवं होतं. पाहुणे येणार म्हणून विहिरीचा कठडा त्यांनी सकाळीच काथ्याने घासून ठेवला होता. बादली सोडता सोडता त्यांनी खुर्चीवर बसलेल्या प्रशिक्षक बाईंकडे पाहून घेतलं. बाई सुनेचा पहिला वर्ग बघायला खाडीपलीकडच्या मोठ्या गावातून आल्या होत्या.

एरवी सून धक्क्यावरच्या खिडकीत बसून बोटीची तिकिटं आणि उतरणाऱ्या सामानाच्या पावत्या फाडायची. गल्ली तिला पावतीबाई म्हणायची. हवामान बदलतंय, त्याबद्दल बेटावरच्याच कुणीतरी शिकून यावं आणि इतरांना शिकवावं, असं ठरलं, तेव्हा तिचं नाव पुढे आलं. बारावीला ती शास्त्र शाखेत होती आणि दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. परत येताना तिने पाण्यातला खारेपणा मोजणारा पेनाएवढा एक मीटर आणि हिरव्या, पिवळ्या, लाल झेंड्यांचा गठ्ठा आणला होता.

"जमिनीखाली सगळीकडे समुद्राचं खारं पाणी आहे," तिने सुरुवात केली. "पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं. दुधावर साय असते ना, तसं. समुद्र वर चढतोय आणि आपण वरून उपसतोय. साय पातळ होत चाललीय. ज्या विहिरीचं पाणी चांगलं तिला हिरवी झेंडी, पिऊ नये तिला लाल. आधी चांगलं पाणी मीटरवर कसं दिसतं ते बघू. मग एकेकाच्या घरचं."

"काकूंचं काय बघायचंय?" कोपऱ्यातून शिंपी म्हणाला. "वहिनी, माझ्यापासून सुरू करा. आमच्या विहिरीत मासे समुद्र समजून शिरतात."

"तुझी शेवटी. वर्गात मागे बसणाऱ्याने हात वर करायचा नसतो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेला पुढे केला.

ही विहीर सासऱ्यांनी खणलेली. बेटावर नळ नव्हता तेव्हापासून गल्ली प्यायचं पाणी इथून न्यायची. आता मचूळ का होईना, नळाला पाणी होतं, तरी रोज संध्याकाळी कळश्या घेऊन लोक येत. सासूबाई स्वतः ओतून देत, कुणाचं पोर आजारी, कुणाची सून रुसलेली, ते विचारत. कुणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी हिशेब मागत, "काल तहान लागली नव्हती का रे?"

सुनेने मीटर पेल्यात बुडवला. आकडा चढला, हिरव्या रेषेशी थांबला नाही, पिवळीशीही नाही. लाल रेषेच्या बराच पुढे जाऊन स्थिर झाला.

तिने मीटर पुसला, पुन्हा बुडवला. तोच आकडा.

"बिघडला वाटतं," ती म्हणाली.

"मशीनचं असंच असतं," इस्त्रीवाला घाईघाईने म्हणाला. "माझी इस्त्रीसुद्धा मनाला येईल तेव्हा तापते."

"सोबत प्रमाणित पाण्याची बाटली दिलीय ना? त्यात बघा," प्रशिक्षक बाई शांतपणे म्हणाल्या.

बाटलीतल्या पाण्यात मीटरने बरोबर तोच आकडा दाखवला जो बाटलीवर छापलेला होता. मीटर ठीक होता.

सुनेने मान वर केली. आता गलका होईल असं तिला वाटलं होतं. कुणी पुढे सरकलं नाही. शिंपी आपल्या चपलेचा अंगठा नीट करत होता, इस्त्रीवाला छपराकडे बघत होता. कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं, हे लक्षात यायला तिला एक क्षण लागला, आणि मग तिचे कान तापले.

प्रशिक्षणाच्या गावी तिला पाणी अळणी लागलं होतं. घरी येताच पेलाभर पाणी घटाघट पिऊन ती म्हणाली होती, "तिकडच्या पाण्याला चवच नाही." सासूबाईंनी ते गल्लीभर सांगितलं होतं. गल्लीने माना डोलावल्या होत्या.

वर्गाआधी मीटर लावून बघावा, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. घरचं पाणी कोण तपासतं?

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. "कितवा नंबर आला?"

"आई..."

"काकू, किंचित खारट आहे, एवढंच," शिंपी म्हणाला. "उन्हाळ्यात होतं."

सासूबाईंनी पेला उचलून एक घोट घेतला, तोंडात फिरवला. "कुठे खारट आहे?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू पी."

सून प्यायली. तिलाही कळलं नाही. रोज थोडं थोडं वाढत गेलेलं मीठ रोज पिणाऱ्याला कळत नाही, हे तिला शिकवलं होतं. आज ते ती वर्गात सांगणारही होती.

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं. आता त्या सुनेशी बोलत नव्हत्या.

इस्त्रीवाला पुन्हा छपराकडे बघू लागला.

"मग रोज नेता ते पाणी जातं कुठे?"

"काकू, लादी पुसायला काय, भांड्याला काय... वाया नाही जात," इस्त्रीवाला म्हणाला. चूक सुधारावी तसं पुढे म्हणाला, "कपड्यांना तेवढं वापरत नाही. डाग पडतात."

भिंतीला टेकून उभी असलेली दवाखान्यातली नर्स हळूच म्हणाली, "काकूंच्या बीपीची गोळी मी उगाच वाढवत होते म्हणजे."

गेलं वर्षभर सून सासूबाईंसाठी वेगळं, मीठ न घातलेलं शिजवत होती. त्या कुरकुरल्या की म्हणायची, "आई, पथ्य म्हणजे पथ्य." आणि वर पेला भरून ठेवायची.

"मग पिता काय तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

याचं उत्तर सुनेला माहीत होतं. दुपारच्या बोटीतून पाण्याचे मोठे कॅन उतरत. शिंप्याचा, इस्त्रीवाल्याचा, नर्सचाही. प्रत्येकाला ती खिडकीतून तोच प्रश्न विचारायची, "घरासाठी की दुकानासाठी?" दुकानाच्या सामानाला भाडं जास्त. आणि प्रत्येकजण सांगायचा, दुकानासाठी. नर्स सांगायची, दवाखान्यासाठी. पावत्या फाडताना तिला इतकंच वाटायचं, शिंप्याला एवढं पाणी कशाला लागत असेल? पण मागे रांग असायची. तिला कळू नये म्हणून गल्ली जास्तीचं भाडं भरत होती, आणि ती त्यांच्या हातात सुटे परत देत होती.

"अहो, कळशी घेऊन यायचं ते काय पाण्यासाठी?" शिंपी म्हणाला. त्याला हसवायचं होतं. "तुम्ही दारात उभ्या असता."

सासूबाई कठड्यावर बसल्या. एवढ्या माणसांसमोर त्यांना इतकं लहान झालेलं सुनेने कधी पाहिलं नव्हतं. प्रशिक्षक बाईंनी घसा साफ केला. "नियमाप्रमाणे झेंडी लावायला हवी. नंतर लावली तरी चालेल."

"नंतर कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "लाव गं. शिकून आलीस ना?"

सुनेने लाल झेंडी रहाटाच्या खांबाला बांधली. गाठ नीट बसेना. कुणीही मदतीला उठलं नाही, आणि तेच बरं होतं. मग वर्ग पुढे चालू राहिला. शिंप्याचं पाणी तपासलं, तेही लाल निघालं. त्यावर कुणी हसलं नाही. बाईंनी जाताना सांगितलं की वर्ग चांगला झाला, लोकांच्या लक्षात राहील असा.

त्या संध्याकाळी सगळे कळश्या घेऊन आले. दार आतून बंद होतं. थोडा वेळ थांबून ते गेले. आतल्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सुनेने दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, "गल्ली अजून जागी आहे. हळू बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारची बोट लागली. सून खिडकीत बसून मान खाली घालून पावत्या फाडत होती. कुणाच्याही चेहऱ्याकडे बघायचं नाही, हात आणि सामान एवढंच बघायचं, असं तिने सकाळी ठरवलं होतं. कॅन आला की ती प्रश्न न विचारताच घराचं भाडं लावणार होती.

खिडकीच्या अर्धगोलातून एक हात आत आला. सुरकुतलेला, दोराने तळव्याला घट्टे पडलेला.

"एक कॅन आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी आणला असता घरी येताना."

"मागे लोक उभे आहेत. काय विचारतेस ते विचार."

सुनेने पेन उचललं, परत ठेवलं. सासूबाईंच्या मागे शिंपी होता. त्याच्या पायाशीही कॅन होता, आणि तो त्याने पायानेच जरा मागे सरकवला होता.

"घरासाठी," सून म्हणाली, "...की दुकानासाठी?"

"घरासाठी. प्यायला," सासूबाई म्हणाल्या. रांगेच्या शेवटपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

पावती घेऊन त्यांनी तिची नीट घडी घातली. कॅन उचलायला शिंपी वाकला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि कॅन स्वतःच दोन्ही हातांनी कमरेवर घेतला, कळशी घेतात तसा. तो कळशीसारखा बसत नव्हता. त्या वाकड्या होऊन, सावकाश, धक्का उतरल्या.

शिंपी खिडकीशी आला.

"वहिनी," तो म्हणाला, "मलाही घरासाठीच."