शहाऐंशी-नऊ

“पासष्ट-तीस लिहून टाक,” डॉक्टरसाहेबांनी सांगितलं आणि कोरा फॉर्म मोतीलालच्या टेबलावर ठेवला. झुंबरबाईला जाऊन तीन तास झाले होते.

रक्तातल्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, कोणत्या जातीच्या किती ते लिहायचं, हे मोतीलालचं काम. तालुक्यातालुक्यात ते न मोजताच होतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेकडे बघायचंही नाही, पहिल्या जातीच्या पासष्ट आणि दुसरीच्या तीस ठोकायच्या. धडधाकट माणसाचा आकडा, कोण विचारतो? मोतीलाल मात्र अकरा वर्षं मोजत आला. छातीत दुखणाऱ्यांचे आकडे तो वहीत टिपून ठेवी. ताप नाही, जखम नाही, तरी पहिला आकडा ऐंशीच्या वर आणि दुसरा दहाच्या आसपास, अशांतले बरेच जण पुढे बंद रक्तवाहिन्यांचं निदान घेऊन आले. काही आलेच नाहीत.

काल झुंबरबाईचे शहाऐंशी आणि नऊ निघाले. कार्डिओग्राम साफ होता. कापूस वेचणाऱ्या बाईची छाती दुखते म्हणजे पित्तच, हे साहेबांचं शास्त्र. मोतीलाल रिपोर्ट घेऊन स्वतः गेला, हिला आजच धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवा म्हणाला. साहेब कंपाउंडरकडे बघून हसले. आता पेशी मोजणारे हृदय तपासणार म्हणे. बाईला गोळ्या देऊन घरी धाडलं. आज सकाळी ट्रॅक्टरमधून तिला परत आणलं, तेव्हा तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“मी मोजलंय साहेब.”

“मोजलं असशील. मला चौकशी नकोय. सातपुड्यातल्या पाड्यावर बदली चालेल का, बायकोला विचारून ये.”

“शहाऐंशी-नऊच राहील. पासष्ट पाहिजे तर तुमच्या अक्षरात लिहा, खाली तुमची सही करा.”

साहेबांनी फॉर्म उचलला आणि ते निघून गेले.

मोतीलालनं रिपोर्टची नक्कल काढली, सही-शिक्का मारला आणि व्हरांड्यात बसलेल्या चिंधाच्या, झुंबरबाईच्या नवऱ्याच्या, हातात दिली. आकड्यांचा अर्थ सांगितला. काल साहेबांऐवजी तुझ्याशी बोलायला पाहिजे होतं, मी भ्यालो, हेही सांगितलं.

चिंधानं कागद उलटसुलट करून पाहिला.

“आते हाई कोनले दाखाडू, भाऊ?”



ट्रॅक्टर लागला. चिंधानं कागदाची बारीक घडी घातली, बायकोच्या पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली, आणि पायांकडून तिला उचललं. डोक्याकडून मोतीलालनं धरलं.