रिकामी गाडी

पुलाच्या अलीकडे गाडी थांबली आणि कंडक्टरने रोजची हाळी दिली, "चला, उतरा! पलीकडे चढा!"

लोक मुकाट्याने उतरले. भरलेल्या गाडीचं ओझं त्या पुलाला झेपत नसे, म्हणून प्रवासी चालत पलीकडे जायचे आणि मागून रिकामी गाडी यायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुणाच्या कपाळाला आठीसुद्धा पडत नव्हती. नवा पूल दर निवडणुकीत उभा राहायचा आणि निकालाबरोबर वाहून जायचा. यंदा मात्र खात्याने आधुनिकीकरण मनावर घेतलं होतं. उतरणाऱ्यांसाठी चकचकीत शेड बांधली होती, वर रंगीत अक्षरं पळवणारी विजेची पाटी लावली होती : 'कृपया उतरून चाला. आपली सुरक्षितता, आमचं ध्येय.' आज तिचं उद्घाटन होतं. खात्याचे साहेब फीत कापून नुकतेच मोकळे झाले होते.

गाडीत एकच बाई बसून राहिली. ड्रायव्हरची आई. बहिणीकडे निघालेली ती आज पहिल्यांदाच लेकाच्या गाडीत बसली होती आणि ड्रायव्हरला सकाळपासून याचीच धास्ती होती. पुलाबद्दल त्याने घरात कधी चकार शब्द काढला नव्हता.

"आई, उतर ना. मी येतो मागून गाडी घेऊन."

"पूल कच्चा आहे म्हणूनच उतरवताय ना सगळ्यांना?"

"रिकामी गाडी चालते गं."

"रिकामी? मग तू कोण?"

कंडक्टर हसला. "काकू, ड्रायव्हरला धरत नाहीत त्यात."

"तू गप बस! तू उतरतोस ना खाली?"

कंडक्टर पायरीवरून खाली उतरला. तेवढ्यात आईची नजर लेकाच्या पायांकडे गेली. बोलता बोलता त्याने सवयीने बूट काढून बाजूला ठेवले होते.

"बूट कशाला काढलेस?"

ड्रायव्हरने पाय मागे ओढून घेतले.

"पोहायला?" आईचा आवाज चिरकला. "रोज बूट काढून बसतोस? आणि घरी येऊन सांगतोस, रस्ता झकास आहे?"

आरडाओरडा ऐकून साहेब आले. "काय खोळंबा आहे? आजी, पूल आम्ही तपासलाय. काही होत नाही."

"मग या की. बसा माझ्या शेजारी."

"मला इथं कामं आहेत." साहेब ड्रायव्हरकडे वळले. "ए, गाडी काढ. नाहीतर उद्यापासून घरी बस."

ड्रायव्हरच्या डोक्यात तिडीक गेली. नोकरी जाईल ही भीती त्याला रोज त्या पुलावर ढकलत आली होती. एवढ्या वर्षांत त्याचा जीव कुणी ओझ्यातसुद्धा धरला नव्हता. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि साहेबांपुढे धरली.

"रिकामी गाडी आहे, साहेब. तुम्ही न्या."

साहेबांचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"मला कुठे चालवता येते?"

"मग शेड बांधलीत तसा एक ड्रायव्हरही बांधून घ्यायचा होता!"

त्याने किल्ली सीटवर टाकली, बुटांत पाय घातले आणि आईला धरून उतरवलं. दोघं पुलावर आली. मधोमध काँक्रीट फुटून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. त्यांच्यामधून खाली पाणी दिसत होतं, काळं, जोरात धावणारं. आई तिथेच थबकली.

"यावरून?"

"हो."

तिने लेकाच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. मग त्याचा दंड असा काही आवळून धरला, की पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही.