इंजिनात अडकलेला अर्धा स्टड

मित्रांनो, मी एक जुना स्टड आहे, आणि तोही अर्धाच. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली लोखंडी कांडी. खालचं टोक इंजिनात बसतं, वरच्या टोकावर नट चढतो आणि इंजिनाचं डोकं जागेवर राहतं. भट्टीतून निघालो तेव्हा मी कसा सरळ, चकचकीत होतो! जहाजातून इकडे आलो आणि निपाणीच्या पद्मराजआप्पांच्या मोटारीत कायमचा रोवला गेलो.

आप्पांच्या घरची तंबाखूची वखार. थोरल्या भावाच्या हाताखाली तिथं मान खाली घालून बसणं त्यांच्या जिवावर येई. म्हणून ते बेळगावला उतारू नेऊ लागले. संकेश्वरला लोक म्हणत, "इंजिन काय गोड चालतंय बघा." शाबासकी इंजिनाला, मला कोण विचारतो? मी मात्र वर्षानुवर्षं जागचा हललो नाही, आणि हळूहळू गंजाने माझे आटे धरले.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इंजिन खोलायची वेळ आली. आप्पा स्वतःच बसले. माझ्या नटापाशी आले तेव्हा सूर्य कलला होता. आप्पा जैन, दिवस बुडाल्यावर अन्नाला शिवत नसत. त्यांच्या पत्नी चंदनाबाई दारातून म्हणाल्या, "अवो, ताट वाढलंया. दिवस बुडाला तर उपाशी ऱ्हावं लागंल."

"एवढा एक नट काढतो आन् आलोच गं," म्हणत आप्पांनी पान्ह्याला लांब नळी अडकवली आणि सगळा भार टाकला. कट्! मी कमरेत मोडलो. वरचा निम्मा नटासकट बाहेर गेला, खालचा मी आतच राहिलो. आप्पांना त्या दिवशी जेवण गेलंच नाही.

"लई हट्टी हाय बेटं," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी छिन्नी चालवली. देवाशपथ सांगतो, बाहेर पडायची ओढ मलाच जास्त होती. चहूबाजूंनी लोखंड, वर बोटभर उजेड, आणि अंग हलवायला केसाएवढी जागा नाही. जीव नुसता घुसमटून गेला.

शेवटी बेळगावहून भरमा मिस्त्री आला. "आप्पा, इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला तर गाडी भंगारात. लढाईत दुसरा मिळायचा न्हाय," तो म्हणाला.

आप्पांचा चेहरा उतरला. "मग वखार हायच की," एवढंच ते बोलले.

भरमाने माझ्या मधोमध भोक पाडलं. भोवतालचं लोखंड तापवायला ज्योत फेकणारा ब्लोलॅम्प काढला, तोवर तिन्हीसांज झाली. आप्पांनी त्याचा हात धरला. "आता नको. आगीवर किडं येऊन मरत्यात. सकाळी बघू."

"तुमचं नेम लई बघा," भरमा कुरकुरला, पण माझ्यावर घासलेट ओतून गेला. ते रात्रभर आट्यांत झिरपत राहिलं. असा निवांत वेळ मला आजवर कुणी दिला नव्हता.

सकाळी लोखंड तापवून भरमाने भोकात चौकोनी पोलादी खुंटी ठोकली आणि पान्हा लावला.

"जोर लाव की," आप्पा म्हणाले.

"न्हाय. जरा मागं, जरा पुढं. खुंटी आत मोडली तर संपलंच."

मागं, पुढं. पुन्हा घासलेट. मागं, पुढं. मी करकरलो आणि फिरलो! एकेक आटा सोडत वर आलो. आप्पांनी मला तळहातावर घेतलं. त्यांनी डोळे पुसले. माझ्या जागी नवा स्टड बसला आणि आप्पा पुन्हा बेळगावच्या रस्त्याला लागले.

मित्रांनो, यंत्राला वेळच्या वेळी तेल द्या. आणि कुणी कुठे अडकून बसलेलं दिसलं, तर घाव घालण्याआधी थोडं थांबा. तो आतून धडपडतच असतो; बाहेरच्यांना ते दिसत नाही.