मुका ठरवलेला स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे आणि मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण मला एका शब्दानेही न विचारता भंगारात काढायला निघाले होते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. मला कळू लागले ते तिसगावात, कारभारी तात्यांच्या घरी, संगणकाशेजारी. तात्यांना कमी ऐकू येते. त्यांची लेक निकिता नोकरीसाठी दूर केरळात असते. मोबाईलवर तिचे बोलणे त्यांना समजत नाही, ते नुसते "व्हय, व्हय" करतात. संगणकावर मात्र ती दिसायची, मी जीव तोडून बोलायचो आणि बापलेक चांगले भांडायचे. "आमचा स्पीकर म्हंजी खणखणीत गडी हाय," असे तात्या आल्यागेल्याला सांगत. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

मग खंडेनवमी आली. नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा. तात्यांचा मुलगा करण याने संगणकाच्या साऱ्या वायरी उपसून धूळ पुसली. करणच्या आईने, रतनबाईंनी, मनोभावे संगणकाच्या डब्याच्या मागच्या प्रत्येक भोकाला कुंकवाचे बोट लावले. मग करणने वायरी परत खुपसल्या.

दसऱ्याला निकिता पडद्यावर आली. हसत काहीतरी सांगत होती, पण आवाजच नाही.

"काय म्हनती रं ती?" तात्या पडद्याला कान लावून विचारू लागले.

करणने आवाज वाढवला. आवाजाच्या चिन्हावर फुली नाही ना, ते पाहिले. संगणक बंद करून पुन्हा लावला. शेवटी माझ्या डोक्यावर चापट मारली. "स्पीकर गेला," असे म्हणून त्याने माझी वायर गुंडाळलीसुद्धा. गल्लीत भंगारवाला ओरडतच होता. मला इतका संताप आला!

तेवढ्यात करणची बायको रेश्मा आडवी आली. "आवं, टाकायच्या आधी दुसरीकडं लावून तर बघा!"

तिने माझी पिन तात्यांच्या बटनांच्या मोबाईलला लावली आणि रेडिओ सुरू केला. कांद्याच्या रोपांची माहिती चालू होती. मी अशी गर्जना केली की रतनबाई दचकून उठल्या. घ्या! कोण मुका?

आता करणने डबा फिरवला. दोन शेजारची भोके कुंकवाने सारखीच लाल झाली होती.

"आगं बया, म्याच लावलं हुतं की!" रतनबाईंनी पदराने पुसले. एक हिरवे निघाले, एक गुलाबी. माझी हिरवी पिन करणने माइकच्या गुलाबी भोकात घातली होती.

पिन जागेवर बसली. निकिता पुन्हा पडद्यावर आली.

"तात्या, दिवाळीला मी घरी येतेय! ऐकू आलं का?"

"आलं की! वरडतीस कशाला, मी काय भैरा हाय का?" तात्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, पुढच्या खंडेनवमीला मला फूल वाहा, नाहीतर वाहू नका. पण आवाज गेला तर आधी पिन बघा, वायर बघा, मला दुसरीकडे लावून बघा. मुका म्हणण्याआधी एकदा बोलू द्या. मग मी आहे आणि तुमचे कान आहेत.